चर्चा: दफ्तरात नाही ते ऐतिहासिक कादंबरीत रचावं का?

माळवद:
माझी आजी लातूरजवळच्या खेड्यातली. रझाकारांच्या धामधुमीत तिने हाली सिक्क्याचे, म्हणजे निजामी चलनातले रुपये फडक्यात बांधून बळदात, भिंतीतल्या धान्याच्या कोठारात, ज्वारीच्या तळाशी दडवले. सांगताना ती उजवा हात खांद्यापर्यंत आत घातल्यासारखा करायची अन् नखात दाणे टोचल्यागत बोटं झटकायची.

त्याच 1948 वर मी कादंबरी लिहितोय. 13 सप्टेंबरला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, 17 ला निजाम शरण आला, हे कुठंही मिळतं. त्या रात्री बायका आपसात काय बोलल्या, ते कुठल्याच दफ्तरात नाही. ते मी रचलंय. श्रावणात मुक्तिसंग्रामाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ आमच्या पारावर येऊन बोलतात, हेही रचलंय. परवा वाचून दाखवलं, तर एकजण म्हणाले, रचायचंय तर ऐतिहासिक म्हणू नका. मला वाटतं, कागद गप्प होतो तिथंच कादंबरीचं काम सुरू होतं. तुमचं मत सांगा.

पेवकाठ:
आजीच्या बळदाबद्दल माझी तक्रार नाही. पारावरच्या भाषणाबद्दल आहे. स्वामीजींना जानेवारी 1948 मध्ये पुन्हा अटक झाली अन् सुटका पोलीस ॲक्शननंतरच, म्हणजे सप्टेंबरातल्या त्या फौजी कारवाईनंतर. त्या श्रावणात ते तुरुंगात होते! इथं कागद गप्प नाही, तुम्ही तो उघडला नाहीत. आपल्याकडे 17 सप्टेंबरला शाळेतली पोरं कादंबरीतली वाक्यं खरी समजून भाषणात म्हणतात. मी स्वतः ऐकलंय. म्हणून इतकं कळकळीनं सांगतोय.

खामकाठ:
पेवकाठ, चूक दाखवलीत ते बरं केलंत. पण कागद म्हणजे सत्य, हे मला पटत नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, त्याचंच बघा. जहांगीर त्याच्या मुंडक्यावर बाण सोडतोय, असं चित्र दरबारी चित्रकार अबुल हसनने काढलं. प्रत्यक्षात जहांगीरला अंबर कधी सापडला नाही. 1626 मध्ये म्हातारपणी तो आपल्या मरणानं गेला. म्हणजे बादशहाच्या पदरी रचलेलं ते ऐतिहासिक साधन, अन् माझ्या गावच्या माणसानं रचलं की खोटं? ज्यानं खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली त्या अंबरचं घरातलं बोलणं कुणी टिपून ठेवलं नाही. ते कादंबरीकारानं लिहावंच.

पेवकाठ:
लिहावं. पण चित्र खोटं हे तुम्हाला कशावरून कळलं? दुसऱ्या कागदावरूनच ना?

कोरडवाहू:
मी नुसती वाचणारी. एका कादंबरीत यादवांच्या देवगिरीत भाकरीसोबत लाल मिरचीचा ठेचा निघाला अन् माझं मन उडालं. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, यादवांनंतर दोनशे वर्षांनी. ताटातलं चुकलं की दरबारातल्यावरही विश्वास बसत नाही. माळवद, तुमच्या कादंबरीत कुणाच्या हाती सातबारा असेल तर काढा. निजामी अमलात पहाणीपत्रक होतं. अन् लातूर जिल्हा लिहू नका, तो 1982 चा. तेव्हा जिल्हा उस्मानाबाद.

माळवद:
सातबारा आहे! काढतो. स्वामीजींचं भाषणही काढतो. त्या जागी तुरुंगातून सुटून आलेला एखादा कार्यकर्ता आणता येईल, त्याचं नाव माझं. पण बायकांचं बोलणं काढणार नाही, अन् प्रस्तावनेत कुठलं खरं, कुठलं रचलेलं अशी यादीही देणार नाही. यादी वाचून पुस्तक उघडलं, तर आजीचा हात बळदात जाताना वाचकाचा श्वास अडकेल का?

पेवकाठ:
यादी शेवटी द्या, पण द्या. यावर मी मागं हटणार नाही. तुमची आजी तुम्हाला ठाऊक आहे. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला कोण सांगणार, ह्यातली ती खरी होती म्हणून?

कोरडवाहू:
मला एवढंच विचारायचंय, ते रुपये बळदातून पुढं काढले कुणी?

माळवद:
आजीनंच. ज्वारी संपल्यावर. तोवर घरात कुणालाच सांगितलं नव्हतं, आजोबांनासुद्धा.