मदत हवी आहे: हेराल्डचे आउटरिगर बॉडी न उचलता बदलता येतील का?

मंडळी, खानापूरला घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड ही जुनी मोटार दुरुस्त करायलोय, ९४८ सीसीवाली. ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स गाडी हिच्याच चॅसिसला (बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्याला) आखूड करून बनवली, त्यामुळे स्पिटफायरवर काम केलेल्यांनीही सांगा की. इंजिन ठीक आहे, चालू होतंय, प्रश्न खालचा आहे.

मधले दोन्ही आउटरिगर (चॅसिसपासून बाजूला निघून बॉडीला आधार देणारे हात) आणि डावी साइड रेल (त्यांची टोकं जोडणारी बाजूची लांब पट्टी) सडलीय, स्क्रूड्रायव्हर सरळ आत जातोय. आमच्याकडचा पाऊस माहितीच आहे, त्यात गाडी बरीच वर्षं उघड्यावर होती. मेन चॅसिस वायर ब्रशने घासून, ठोकून बघितली, ती घट्ट आहे. बॉडीचे बोल्ट आठवडाभर तेल सोडून ढिले करायला बघितले, दोन तुटले, बाकी हलेनात म्हणून जोर लावायचं थांबवलंय. दारांच्या फटी आत्ता बरोबर आहेत आणि मला त्याच जपायच्या आहेत, कारण हिची बॉडी पुढचा आणि मागचा असे दोन भाग बोल्टने जोडलेली, एकदा सरकली की दार परत बसवताना जीव जातोय.

माझ्याकडे आर्क वेल्डिंग आहे, पातळ पत्र्याला भोकं पडतात म्हणून बेळगावच्या उद्यमबागेतून मिगवाला (पातळ पत्र्याला चालणारं तारेचं वेल्डिंग करणारा) घरी आणणार. लिफ्ट नाही, चार स्टँड आहेत. तयार आउटरिगर मिळेनात, २ मिमी पत्रा वाकवून करून घेणार.

तर बॉडी जागेवर ठेवून एका वेळी एकच आउटरिगर कापून बदलला तर चालेल का, आणि तेवढ्या वेळात स्टँड नेमके कुठे लावायचे, दारांच्या चौकटीत आडवी पट्टी कुठून कुठे मारायची?