स्विच लाइटवर आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम): अर्ध्या-पाऊण तासाच्या बैठकीला कोणता गेम घ्यावा?

निळाशार
निन्टेंडोचा स्विच लाइट, हातात धरून खेळायचा कन्सोल आहे, म्हणजे टीव्हीला जोडायचा प्रश्नच नाही, सगळं 5.5 इंची पडद्यावर. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास मिळतो आणि कधीही हातातून ठेवावं लागतं. आळीपाळीने चाली करायची, टर्नवाली लढाई आवडते. ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर, ड्रॅगन क्वेस्ट 11 एस आणि झेनोब्लेड क्रॉनिकल्स 2 अशी यादी केली आहे. यातलं काय घ्यावं? यादीबाहेरचंही सुचवा, फक्त अक्षरं फार बारीक नकोत.

पितळी_किल्ली
झेनोब्लेड 2 आधी बाजूला काढा. एक तर त्यातली लढाई टर्नवर चालत नाही, पात्रं आपोआप वार करत राहतात आणि आपण वेळ साधून आर्ट्स (खास वार) वापरायच्या. दुसरं म्हणजे हातात धरून खेळताना रिझोल्यूशन इतकं घसरतं की लांबचा डोंगर आणि पायाजवळचं गवत दोन्ही पुसट दिसतं. लाइटवर त्याला उपाय नाही.

तुमच्या बैठकीला ड्रॅगन क्वेस्ट 11 एस उत्तम बसतो. सेव्ह चर्चमध्ये, देवीच्या पुतळ्यापाशी किंवा मुक्कामाच्या शेकोटीपाशी करता येतो, शिवाय ऑटोसेव्ह आहेच. सेटिंगमध्ये लढाईचा वेग सगळ्यात वरचा करा, साधी चकमक चटकन उरकते. 3डी मोडमध्ये राक्षस मैदानावर दिसतात, वळसा घालून टाळता येतात. 2डीमध्ये ते अचानक आदळतात, पण चित्रं ठसठशीत असल्यामुळे लहान पडद्यावर तो मोड डोळ्यांना फार सोपा जातो. मोड मधूनच बदलला तर त्या प्रकरणाच्या सुरुवातीला परत जावं लागतं. लेव्हल आणि सामान राहतं, कथा मात्र पुन्हा चालावी लागते. म्हणून बदलायचाच तर नवं प्रकरण सुरू होताना बदला.

सुरुवातीला ड्रॅकोनियन क्वेस्ट नावाचे कठीण पर्याय विचारतो. ते नंतर बंद करता येतात, बंद केलेले पुन्हा चालू करता येत नाहीत. ‘जास्त ताकदीचे राक्षस’ एवढा एकच घेतला तरी खेळाला खरी धार येते, नाहीतर सुरुवातीचे बरेच तास फार सोपे जातात.

आठवा_प्रवासी
ड्रॅगन क्वेस्टबद्दल सहमत, पण नुसती लढाई बघायची तर ऑक्टोपॅथ वरचढ आहे, हे ठामपणे सांगतो. प्रत्येक शत्रूपाशी ढालीचा आकडा असतो. त्याला जे शस्त्र किंवा तत्त्व (आग, बर्फ वगैरे) लागू पडतं त्याचा प्रत्येक घाव एक आकडा उतरवतो. शून्य झालं की शत्रू ‘ब्रेक’ होतो, त्याची पाळी जाते आणि त्याला इजा जास्त होते. दर टर्नला एक बीपी (बूस्ट पॉइंट, चालीला जोर देणारा गुण) मिळतो, साठतात पाच, एका वेळी खर्चता येतात तीन. ज्या टर्नला खर्च केला त्याच्या पुढच्या टर्नला नवा मिळत नाही. नवखे नेमके इथेच चुकतात, बीपी आला की लगेच उडवतात. समजा बॉसची (मोठ्या शत्रूची) ढाल 4 आहे. तिघांनी साध्या घावांनी ती 1 वर आणायची, चौथ्याने शेवटचा आकडा उतरवायचा आणि लगेचच्या टर्नला ज्यांचे तीन बीपी साठलेत त्यांनी सगळे ओतायचे. ब्रेकच्या आधी ओतले तर निम्मी मेहनत वाया.

आठ पात्रांतलं पहिलं विचार करून निवडा, कारण त्याची चारही प्रकरणं संपेपर्यंत ते पार्टीतून काढता येत नाही. थेरियन घ्या. जांभळ्या पेट्यांचं कुलूप फक्त तोच उघडतो, म्हणजे पुन्हा त्याच गुहेत हेलपाटा नको. दुसरा सायरस. लढाई सुरू होताच तो शत्रूचा एक कमकुवतपणा उघड करतो.

एक इशारा. पार्टीबाहेर बसलेल्यांना अनुभव मिळत नाही आणि शेवटच्या गुप्त बॉसला आठही जण लागतात, चार-चारच्या दोन तुकड्या. त्याआधी आठ बॉसशी ओळीने लढायचं आणि मध्ये कुठेही सेव्ह नाही. हरलात की सगळं पहिल्यापासून. म्हणून चारांनाच पोसत बसू नका.

गॅम्बिट_गुरू
यादीबाहेरचं एक नाव: फायनल फँटसी 12, द झोडिॲक एज. शुद्ध टर्नचा नाही, पण थोड्या वेळात सर्वाधिक पुढे नेतो. भाग बदलला की ऑटोसेव्ह होतो आणि वेग दुप्पट किंवा चौपट करता येतो. साथीदारांना आधीच नियम लिहून द्यायचे, त्यांना गॅम्बिट म्हणतात. नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडेल तोच चालतो. उदाहरणार्थ:

1. कोणीही सोबती: फिनिक्स डाउन (पडलेल्याला उठवणारी वस्तू)
2. सोबत्याचं एचपी (जीवशक्ती) 50 टक्क्यांखाली: क्युअर (उपचाराचा मंत्र)
3. नायकाने धरलेला शत्रू: हल्ला

हल्ला वर ठेवलात तर समोर शत्रू आहे तोवर क्युअर कधीच होणार नाही. ‘माझा वैद्य उपचारच करत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच चूक असते. चौपट वेगात पळताना जमिनीतले सापळे लागतात, ते दिसायला लिब्रा हा मंत्र चालू हवा. पात्राची नोकरी (जॉब, म्हणजे लढाईतला पेशा) चुकली तरी काळजी नाही, स्विचवर मॉन्टब्लँक या गेममधल्या पात्राशी बोलून बदलता येते.

निळाशार
ऑक्टोपॅथ घेतो, थेरियनपासून सुरू करतो. एक शंका: सेव्ह न करता सरळ पॉवरचं बटण एकदा दाबून स्विच बाजूला ठेवला तर चालतं का?

पितळी_किल्ली
चालतं, गेम होता तिथेच थांबतो. पण दोन गोष्टी सांभाळा. एका वेळी एकच गेम असा थांबलेला राहतो, दुसरा उघडताना पहिला बंद करावा लागतो. आणि झोपलेल्या अवस्थेतही बॅटरी हळूहळू उतरते, ती पूर्ण संपली तर सेव्ह न केलेलं सगळं गेलं. दोन-चार दिवस हात लागणार नसेल तर सेव्ह करूनच ठेवा. मेमरी कार्डवर फक्त गेम जातो, सेव्ह कन्सोलच्या आतच राहतो, म्हणून कार्ड बदललं तरी प्रगती कुठे जात नाही.

आठवा_प्रवासी
थेरियननंतर पूर्वेकडे वळायची घाई नको. कुठल्याही भागात शिरताना धोक्याची पातळी लिहून येते, ती तुमच्या लेव्हलपेक्षा बरीच वर असेल तर परत फिरा. आधी बाकी सातांची पहिली प्रकरणं गोळा करा.