मदत हवी आहे: कॅनडाचं नागरिकत्व, मध्ये दीड वर्ष कराडला होते, दिवस परत शून्यापासून मोजायचे का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, लिहायची ही दुसरी-तिसरीच वेळ. सांभाळून घ्या, जरा लांबण लागणार आहे.

मी, नवरा आणि मुलगी (आता ८ वर्षांची) २० ऑक्टोबर २०२१ ला पीआरवर (म्हणजे कायमचे रहिवासी म्हणून) टोरंटोला उतरलो. राहायला मिसिसागाला. सगळं मार्गी लागत होतं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आई एकटी, भाऊ पुण्यात नोकरीला. मी मुलीला घेऊन १२ फेब्रुवारीला निघाले ती दोन महिन्यांत परत येईन म्हणून. बाबा काठी घेऊन चालायला लागेपर्यंत दीड वर्ष गेलं. ३ ऑगस्ट २०२४ ला परतलो. नंतर एकदाच, १८ डिसेंबर २०२५ ते २२ जानेवारी २०२६, सगळे जाऊन आलो. नवरा मात्र पहिल्यापासून इथेच, त्याचे दिवस कधीच भरलेत. पण अर्ज करू तर तिघांचा एकदम, असा त्याचा हट्ट आहे.

आता प्रश्न. ओळखीतून एका सल्लागाराकडे गेलो. तो म्हणाला, सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात म्हणजे साखळी तुटली, ऑगस्ट २०२४ पासून परत तीन वर्षं मोजा. म्हणजे ऑगस्ट २०२७! आणि माझं पीआर कार्ड २ डिसेंबर २०२६ ला संपतंय. तेव्हा पीआरच धोक्यात आहे, मानवतेच्या आधारावर वेगळा अर्ज करावा लागेल, असं सांगून त्याने फीचा आकडा सांगितला. आकडा ऐकून घरी येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

दुसरं, २०२३ चा टॅक्स मी भरलेला नाही. कमाई शून्य, राहायला भारतात, म्हणून राहूनच गेलं. २०२१, २०२२ आणि २०२४ चे भरलेत.

तिसरं सांगायला थोडं अवघड वाटतंय. भाऊ म्हणतो, तू कॅनडाची झालीस की सातबाऱ्यावर तुझं नाव लागूच शकत नाही, परक्या देशाच्या माणसाला शेती ठेवता येत नाही, तेव्हा आत्ताच हक्कसोड करून दे. जमीन आजोबांपासूनची, साडेतीन एकर, ऊस आहे. मला जमिनीचा सोस नाही. पण हे खरं आहे का, एवढं तरी कळावं.

आज ८ मार्च. माहितगारांनी कृपया सांगावं.

जर्सीवाला

सल्लागार बरोबर सांगतोय ताई. माझ्या मेव्हण्याचं हेच झालं. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं की सलग वास्तव्य तुटलं असं धरतात, आणि वर्षाच्या वर गेलं तर विषयच संपला. तुमचं तर दीड वर्ष आहे.

हिशेबनीस

जर्सीवाले, तुमचा मेव्हणा अमेरिकेत. तो नियम तिकडचा. कॅनडात ही साखळीबिखळी भानगड नाही. इथे फक्त डोकी मोजतात, म्हणजे दिवसांची. बहुतेक त्या सल्लागाराने दोन देशांची खिचडी केलीय, किंवा मुद्दाम घाबरवलंय. तो सीआयसीसी या त्यांच्या अधिकृत संस्थेकडे नोंदलेला आहे का, ते आधी बघा. यादी ऑनलाइन आहे, दोन मिनिटांचं काम.

ताई, तुमच्या डोक्यात दोन वेगळे हिशेब एकात एक गेलेत. पहिला, पीआर टिकवायचा. त्याला मागच्या पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात लागतात. दुसरा, नागरिकत्वाचा. अर्जावर सही कराल त्या दिवसाच्या मागच्या पाच वर्षांत १०९५ दिवस. दोन्हीकडे दिवस सलग असायची अट नाही. तुटक तुटक चालतात.

आता तुमचे दिवस. निघाल्याचा आणि परत आल्याचा, दोन्ही दिवस कॅनडात धरतात, कारण त्या दिवसाचा थोडा का होईना भाग इथे गेला.

२० ऑक्टोबर २०२१ ते १२ फेब्रुवारी २०२३: ४८१
३ ऑगस्ट २०२४ ते १८ डिसेंबर २०२५: ५०३
२२ जानेवारी २०२६ ते काल ७ मार्च: ४५

एकूण १०२९. पीआरसाठी ७३० लागतात, तुमच्याकडे तीनशे जास्त आहेत. कसला मानवतेचा अर्ज? तो ज्यांचे दिवस कमी पडतात त्यांनी करायचा. त्या फीच्या पैशात सगळे नायगारा बघून या.

नागरिकत्वाला ६६ कमी. इथून हलला नाहीत तर १२ मे ला १०९५ पूर्ण होतात, १३ मे पासून अर्ज करता येईल. पण १३ ला करू नका. एखादी तारीख चुकली आणि १०९४ निघाले तर अर्ज गेला. महिनाभर वर जाऊ द्या, जूनच्या मध्यावर करा. आयआरसीसी या इथल्या नागरिकत्व खात्याच्या साइटवर दिवस मोजायचं कॅल्क्युलेटर आहे, त्यात सगळ्या तारखा टाका. त्याची प्रत अर्जाला जोडावीच लागते.

आणखी एक. २० ऑक्टोबर २०२६ नंतर तुमची पाच वर्षांची खिडकी पुढे सरकायला लागेल. तेव्हापासून रोज एक नवा दिवस मिळेल आणि २०२१ चा एक गळेल. नुकसान नाही, पण फायदाही नाही. म्हणून उगाच ताणू नका.

पुरणपोळी इन विनिपेग

वरच्याला +१. फक्त एक विसरलात. कॅनडात पीआर होण्याआधी विद्यार्थी किंवा वर्क परमिटवर राहिलेल्यांना त्या काळातला प्रत्येक दिवस अर्धा धरून जास्तीत जास्त ३६५ मिळतात. ताईंना लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांना कामाचं.

बाकी मुलीची काळजीच नको. आई-बाबांबरोबर अर्ज करणाऱ्या अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसांची अट नाही, ती पीआर असली की झालं. फी पण तिची शंभर डॉलर, तुमची साडेसहाशेच्या आसपास प्रत्येकी.

कृष्णाकाठची

हिशेबनीस, तुमचे कसे आभार मानू. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो कागद-पेन घेऊन बसला आणि त्याच्या मोजणीतही माझे १०२९ च आले. मी दोन्ही प्रवासाचे दिवस बाहेर धरत होते.

जुलैमध्ये शाळेला सुट्टी लागली की बाबांच्या मोतीबिंदूसाठी जायचं आहे. अर्ज जूनमध्ये टाकून लगेच गेलो तर चालेल? आणि इंग्रजीची परीक्षा परत द्यावी लागेल का? आयईएल्टीएसचा निकाल २०१९ चा आहे, तो कधीच बाद झाला.

हिशेबनीस

चालेल. नागरिकत्वाचे दिवस सहीच्या तारखेपर्यंतच मोजतात, नंतर गेलात तर ते बिघडत नाहीत. पीआरची ७३० ची अट तेवढी शपथ होईपर्यंत चालू राहते, तिकडे तुम्ही ऐसपैस आहात. पत्रांना मुदतीत उत्तर द्या आणि शपथविधीला कॅनडात असा.

पण कार्ड डिसेंबरात संपतंय ना? नागरिकत्व तोवर हातात पडेलच असं नाही. कार्ड संपलं म्हणून पीआर जात नाही, पण विमान कंपनी कार्ड बघितल्याशिवाय बसू देत नाही. नऊ महिन्यांपेक्षा कमी मुदत उरली की नवं मागता येतं. तुमची उरलीये. आत्ताच मागा.

आयईएल्टीएस: नागरिकत्वाला मुदत संपलेला निकालही चालतो. पातळीही जेमतेम लागते, बोलणं आणि ऐकणं, सीएलबी या इथल्या भाषेच्या मोजपट्टीवर ४. ते प्रमाणपत्र शोधून ठेवा. मग परीक्षा एकच उरली, देशाच्या माहितीची. २० प्रश्न, १५ बरोबर आले पाहिजेत. 'डिस्कव्हर कॅनडा' पुस्तिका फुकट मिळते, तेवढीच वाचायची. आमच्या हिने पोळ्या लाटता लाटता ऑडिओ ऐकून २० पैकी २० काढले, मी १७ वर अडकलो. घरात अजून ऐकतोय.

टॅक्सवाला काका

टॅक्सचं मी सांगतो. या वर्षी अर्ज केलात तर २०२१ ते २०२५ ही पाच वर्षं बघतात. त्यातल्या तीन वर्षांचे रिटर्न भरलेले हवेत, म्हणजे जिथे भरणं बंधनकारक होतं तिथे. तुमचे २०२१, २२, २४ आहेत, २०२५ चा ३० एप्रिलच्या आत भरा. अट पूर्ण. २०२३ चा शून्य कमाईचा आता उशिरा भरलात तरी बिघडत नाही, भरून टाका, फाइल स्वच्छ राहते.

एक खवचट प्रश्न विचारतो, राग मानू नका. मुलगी दीड वर्ष कराडला होती तेव्हा तिचा बालभत्ता खात्यात येत होता का? येत असेल तर आधी ते निस्तरा. अर्जात तुम्ही स्वतःच्या हाताने तारखा लिहून देणार आहात.

कृष्णाकाठची

नाही काका. नवऱ्याने मार्च २०२३ मध्येच फोन करून बंद करवला होता. तेव्हा मी त्याच्यावर चिडले होते, इतकी काय घाई म्हणून. आता त्याला सांगत नाही.

नायगाराकाठी

पासपोर्टची तयारी आत्तापासून करा. पाच वर्षांत वापरलेल्या सगळ्या पासपोर्टांची पानं लागतात, कोरी पण. टोरंटोला मशिनवरून आत येतो त्यामुळे इथला शिक्का बऱ्याचदा नसतोच. भारतातले येण्या-जाण्याचे शिक्के मग पुरावा म्हणून उपयोगी पडतात. सीबीएसए या इथल्या सीमा खात्याकडून प्रवासाची नोंदही मागवता येते, तारखा आठवत नसतील तर आधी ती मागवा आणि मग कॅल्क्युलेटर भरा.

आता दुसरं, जे कुणी लिहिलं नाही. वडील आजारी आहेत म्हणून लिहितो. ज्या दिवशी शपथ घ्याल त्या दिवशी भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, १९५५ च्या कायद्याचं कलम ९. कॅनडाला दोन पासपोर्ट चालतात, भारताला नाही. जुन्या पासपोर्टवर शेवटची एक चक्कर मारून येऊ, असला मोह नको, तो गुन्हा आहे. कॅनडाचा पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट परत केल्याचं सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड), या क्रमाने जावं लागतं. त्यात महिने जातात, आणि तेवढ्या काळात घरून फोन आला तर व्हिसा लागतो.

सप्टेंबर २०२३ आठवा. दोन्ही सरकारांचं बिनसलं आणि भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणंच थांबवलं. काही प्रकार ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाले, ई-व्हिसा नोव्हेंबरात. ज्यांच्याकडे ओसीआय होतं ते बिनधास्त जात-येत होते. माझं त्याच महिन्यात हातात आलं होतं, म्हणून आईच्या ऑपरेशनला पोचलो. शपथ झाली की पेढे नंतर वाटा, कागद आधी टाका. मुलीचेही.

कूळकायदा

सातबाऱ्याबद्दल कुणी लिहीना म्हणून लॉगिन केलं. मी वकील नाही, पण याच कारणाने तहसीलच्या पायऱ्या झिजवल्यात.

भाऊ म्हणतात ते खरं नाही. ओसीआय असलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्राने मिळत नाही. वारसाने मात्र मिळते, ठेवताही येते. गंमत अशी की विकत घेण्याची बंदी तुम्हाला आत्ताही आहे, खिशात भारतीय पासपोर्ट असूनही! कारण फेमा हा परकीय चलनाचा कायदा अनिवासी भारतीयालाही शेतजमीन घेऊ देत नाही. तेव्हा नागरिकत्वाने तुमचं या बाबतीत जवळजवळ काहीच बदलत नाही.

आजोबांपासूनची म्हणताय, म्हणजे वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि तो जन्मापासून. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात ते पक्कं केलं. पुढे विकायची वेळ आली तर घेणारा भारतात राहणारा हवा आणि महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरीही हवा. बस्स.

हक्कसोड करायचीच असेल तर भावावर प्रेम आहे म्हणून करा, उसाला पाणी तोच देतो म्हणून करा. कॅनडामुळे करावी लागते म्हणून करू नका. आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की मागे फिरता येत नाही. फेरफार, जुने उतारे आधी काढून कराडच्याच एखाद्या वकिलाला दाखवा.

जर्सीवाला

माझी चूक झाली ताई, दोन देश एकच समजलो. कूळकायदा, माझं पण निपाणीजवळ थोडं आहे, कर्नाटकात येतं ते. व्यनि (खासगी निरोप) करू का?

कृष्णाकाठची

सगळ्यांना उत्तर द्यायला चार दिवस लागले, माफ करा.

सल्लागाराला नको म्हणून कळवलं. तो म्हणाला, नंतर माझ्याकडेच याल. त्या यादीत त्याचं नाव सापडलं नाही. नव्या कार्डाचे अर्ज भरून झालेत, नागरिकत्वाची तारीख १५ जून ठरवलीय. कॅल्क्युलेटरमध्ये टाकून बघितलं, तोवर हललो नाही तर ११२८ दिवस दाखवतंय.

भावाला फोन केला. वारसाने मिळते, असं सांगितल्यावर तो गप्प बसला, मग म्हणाला की त्याला गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं. असेलही. जुलैत गेले की बाबांसमोरच बोलायचं ठरलंय. सही कशावरच केलेली नाही.

जुना पासपोर्ट कराडच्या कपाटात राहिला होता. आईने एकेका पानाचा फोटो काढून व्हॉट्सअपवर पाठवलाय, कोऱ्या पानांचाही, अगदी मन लावून. फक्त अकराव्या पानावर तिचा अंगठा आलाय, आणि मुंबईचा फेब्रुवारी २०२३ चा शिक्का नेमका त्याच्याखाली आहे. परत काढायला सांगितलंय.