नडगी दुखतेय, मुंबई मॅरेथॉन सात आठवड्यांवर. पळू की थांबू?

टेकडीवाला:
आठवड्याचे ४० किमी तीन आठवड्यांत ५८ वर नेले, वर टेकडीचा एक दिवस. आता डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर दुखतंय. आधी दोन किमीनंतर दुखणं थांबायचं, आता पळून झाल्यावरही राहतं. एक्स-रे नॉर्मल आला. विश्रांती घेतली तर लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं) बुडतात. काय करावं?

पोटरी:
एक्स-रे नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या भाराने हाडाला गेलेली बारीक चीर, पहिले दोन-तीन आठवडे त्यात बहुधा दिसतच नाही. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वर न्या. दुखरा भाग पाच सेंमीहून लांब आणि पसरट असेल तर शिन स्प्लिंट्सची (अति पळण्याने नडगीच्या कडेला येणारी दुखरी सूज, हाडाला चीर नाही) शक्यता जास्त. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री ठणकत असेल किंवा साधं चालतानाही दुखत असेल तर पळणं आजच बंद करा आणि स्पोर्ट्स डॉक्टरांना विचारून एमआरआय काढा. नडगीच्या पुढच्या धारेवर किंवा जांघेत दुखणं तर फारच वाईट. तिथली चीर सहजी भरत नाही, वाढून हाड पूर्ण मोडू शकतं. एका पायावर उड्या मारून बघायचा सल्ला कोणी दिला तर शंका असताना मारू नका.

टेकडीवाला:
दाबून पाहिलं, सात-आठ सेंमीचा पट्टा आहे. रात्री काही नाही. ब्रूफेन घेऊन रविवारचा २४ किमी काढला तर?

पोटरी:
नको. गोळीने कळ दबते, हाडावरचा भार तेवढाच राहतो. शिवाय घामाने पाणी कमी झालेलं असताना ती किडनीला जड जाते. पायावर चिकटवतात ती रंगीत टेपही शोभेलाच.

संथगती:
सात ते दहा दिवस पळणं बंद. तेवढा वेळ सायकल, किंवा तलावात कंबरेला फ्लोट बेल्ट बांधून, तळाला पाय न टेकवता पळणं. पाण्यात नाडी दहा-एक ठोक्यांनी कमी दिसते, म्हणून जोर धापेवरून ठरवा.

व्यायामात मुख्य म्हणजे गुडघा वाकवून टाचा उचलणं, १५ चे ३ सेट, एक दिवसाआड. वर जाताना दोन सेकंद, खाली येताना तीन. सोपं वाटलं की पाठीवर सॅक. गुडघा सरळ ठेवला की वरची पोटरी जास्त काम करते, आपल्याला सोलियस, म्हणजे पोटरीचा खोलवरचा स्नायू हवाय.

अर्धा तास भरभर चालून त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळीही दुखलं नाही, की एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. एक दिवसाआड. दहापैकी दोनच्या वर दुखलं तर मागची पायरी. पावलं मिनिटाला १६० असतील तर १६८ करून बघा. पाऊल आखूड पडतं, नडगीवरचा मार कमी होतो. टेकडी आणि स्पीड वर्क (वेगाने पळायचा सराव) शेवटी.

पोटरी:
शर्यतीचा निर्णय आज घेऊ नका. तीन आठवडे आधी २४-२६ किमी न दुखता झाले तर वेळेचं लक्ष्य सोडून, मध्ये चालत, पूर्ण करता येईल. नाही झाले तर यंदा सोडा. पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो आणि पुढचा केम्प्स कॉर्नरचा उतार थकलेल्या नडगीला चढापेक्षा जास्त झोडपतो.