'अकिरा' : बडा घर, पोकळ वासा?

निशाचर:
काल रात्री 'अकिरा' तिसऱ्यांदा बघितला. कात्सुहिरो ओतोमोचा, १९८८ चा जपानी ॲनिमेशनपट. तिसऱ्या महायुद्धानंतर नव्याने उभं राहिलेलं निओ-टोकियो, साल २०१९, बाईकवर उंडारणारी पोरं, त्यातल्या तेत्सुओला अचानक आलेली अचाट शक्ती आणि त्याच्या मागे लागलेलं लष्कर. डोळ्यांचं पारणं फिटतं, वादच नाही. बाईक निघून जाते आणि मागच्या दिव्याची लाल रेघ हवेत तशीच तरंगत राहते, तो तुकडा तिन्ही वेळा मागे नेऊन बघितला.

पण तासाभराने सगळा सावळा गोंधळ. क्रांतिकारकांना नेमकं काय हवंय? म्हाताऱ्या चेहऱ्याची ती तीन मुलं कुठून उपटली? आणि (स्पॉयलर!) ज्याच्या नावाचा सिनेमा, तो अकिरा शेवटी बरण्यांत निघतो. हे काय राव?

खडूसकाका:
साफ असहमत. गोष्ट तेत्सुओची आहे, लष्कराबिष्कराची नाही. लहानपणापासून कानेदाच्या, म्हणजे बाईकवाल्या टोळीच्या म्होरक्याच्या, सावलीत वाढलेलं पोरगं. त्याला ती लाल बाईक हवी असते. चोरून नेतो तर ती त्याला झेपत नाही, मध्येच बंद पडते आणि मार खातो. सगळा सिनेमा तिथे आहे. पुढे अख्खं शहर मोडतो तेही त्याच रागातून. इस्पितळातला खेळण्यांचा प्रसंग आठव: अस्वल-ससे राक्षसाएवढे होऊन अंगावर येतात, त्यांच्यातून दूध वाहतं. तेत्सुओच्या पायात काच घुसते, आणि रक्त बघून खेळणीच घाबरून पळतात! हे शब्दांत सांगून दाखव.

पुस्तकी_किडा:
काका, प्रसंग भारीच आहे, पण निशाचरचा मुद्दा खोटा नाही. मूळ मांगा (जपानी चित्रकथा) १९८२ ते १९९० चालली. सहा खंड, दोन हजारांवर पानं. म्हणजे मांगा संपायच्या दोन वर्षं आधीच सिनेमा आला, तोही १२४ मिनिटांचा. मांगात अकिरा जिवंत आहे, फारसा बोलत नसला तरी हाडामांसाचा मुलगा. तिसऱ्या खंडाच्या शेवटी शहर पुन्हा जमीनदोस्त होतं आणि पुढचे तीन खंड त्या ढिगाऱ्यावर घडतात. पंथाची गुरू मियाको तिथे केवढी मोठी असामी, सिनेमात रस्त्यावर दिसण्यापुरती. दुसऱ्या कुणी वाट लावली म्हणावं तर तीही सोय नाही, दिग्दर्शक म्हणजे मांगाचा लेखक स्वतःच.

रंगपेटी:
मी नव्वदच्या दशकात मुंबईत एका स्टुडिओत सेल (ॲनिमेशनची चित्रं काढायचे पारदर्शक कागद) रंगवायचे, म्हणून लिहितेय. रेषा सेलच्या पुढून, रंग मागून. एकावर एक तीन सेल ठेवले की खालच्याचा रंग काळवंडतो, म्हणून एकाच शर्टाचा लाल थर बदलला की वेगळ्या बाटलीतून घ्यायचा. चुकलं की शर्ट मध्येच रंग बदलतो. आमच्याकडे रात्र म्हणजे निळी, विषय संपला. 'अकिरा'त दीड लाखाच्या वर सेल आणि ३२७ रंग, त्यातले ५० खास या सिनेमासाठी तयार केलेले. शिवाय संवाद आधी रेकॉर्ड करून ओठ त्यावर बेतले. जपानी रिवाज नेमका उलटा, चित्रं आधी, आवाज मागाहून. पोकळ वासा म्हणवत नाही मला.

निशाचर:
ताई, बाटल्यांचं माहीत नव्हतं, मस्त. पण मेहनतीचे वेगळे मार्क मिळत नाहीत हो. तेवढीच मेहनत पटकथेवर का नाही?

खडूसकाका:
कारण प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पात्राच्या तोंडी घालायला ती काही दूरदर्शनची मालिका नव्हे. आणि साउंडट्रॅकबद्दल अजून कुणी बोललंच नाही! गेइनोह यामाशिरोगुमी या जपानी संगीतसमूहाचं ते गामेलान (इंडोनेशियाचा घंटा-झांजांचा वाद्यमेळ) आणि घुमणारा कोरस. हेडफोन लावून बघ, लॅपटॉपच्या टिचभर स्पीकरवर नको.

निशाचर:
लॅपटॉपवरच बघितला होता, पकडलंत. खेळण्यांचा प्रसंग आत्ता हेडफोन लावून परत बघितला. तेवढ्यापुरती माघार. बरण्यांच्या बाबतीत नाही.

किडा, मांगाचा चौथा खंड आहे का तुझ्याकडे? पुण्यात असशील तर येऊन घेऊन जातो.