मराठी ब्लॉगसाठी खरोखर उपयोगी पडणारी ऑनलाइन साधने कोणती?

बारववाटा यांचा प्रश्न

नमस्कार. मराठवाड्यातील बारवा (पायऱ्यांच्या जुन्या विहिरी), वीरगळ (वीरांचे स्मृतिदगड) आणि सतीशिळा यांच्या सचित्र नोंदी करणारा ब्लॉग मी काही वर्षांपासून गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर चालवीत आहे. हे काम नोकरी सांभाळून होते. त्यातून उत्पन्न नाही आणि ते मिळवण्याचा हेतूही नाही. ज्या गावच्या बारवेविषयी लिहिले त्या गावच्या माणसाने गावाचे नाव मराठीत टाकून शोध घेतला, तर ती नोंद त्याच्यासमोर यावी, एवढीच अपेक्षा आहे आणि नेमकी तीच पुरी होत नाही.

ब्लॉगधारकांसाठी उपयुक्त साधनांच्या याद्या पुष्कळ वाचल्या. त्यांतील बहुतेक साधने मजकूर इंग्रजीत आहे असे गृहीत धरतात, आणि उरलेल्यांपैकी बरीच दरमहा वर्गणी मागतात. माझ्याकडे पूर्वी नियतकालिकांसाठी लिहिलेले, श्रीलिपी या जुन्या फाँटसंचात टंकलेले बरेच लेख पडून आहेत. ते ब्लॉगवर घ्यायचे आहेत. छायाचित्रे पुष्कळ असल्यामुळे गावाकडच्या वाचकांच्या मोबाइलवर पाने फार सावकाश उघडतात. शिवाय उद्या ही सेवाच बंद झाली तर एवढ्या नोंदींचे काय होईल, ही काळजी सतत असते. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसाला विनामूल्य वापरता येतील अशी साधने, आणि ती कशी वापरावीत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अक्षरजुळणी यांचा प्रतिसाद

मी छपाईपूर्व अक्षरजुळणीच्या व्यवसायात आहे, त्यामुळे फक्त श्रीलिपीबद्दल लिहितो. जुन्या फाँटमधील मजकूर पडद्यावर मराठी दिसत असला तरी संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा समूह असतो. त्याला मराठी रूप फक्त तो फाँट देतो. म्हणून तसाच मजकूर ब्लॉगवर चिकटवला तर फाँट नसलेल्या वाचकाला अगम्य चिन्हे दिसतात आणि शोधयंत्राला त्यात एकही मराठी शब्द सापडत नाही. तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या प्रमाणित पद्धतीत, आणणे अपरिहार्य आहे. त्यासाठीचे परिवर्तक इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. मात्र श्रीलिपीतील सर्व फाँटची आतली मांडणी एकच नाही, त्यामुळे मूळ फाइल उघडून फाँटचे पूर्ण नाव, उदाहरणार्थ श्री-देव-०७०८, आधी पाहून ठेवावे आणि परिवर्तकात तेच निवडावे.

परिवर्तनानंतरची तपासणी हा खरा कामाचा भाग आहे आणि तो यंत्रावर सोडता येत नाही. जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने टंकली जात: पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम बरोबर उलटा आहे. वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि रफाराचा र अक्षराच्या आधी येतो. परिवर्तक ही उलटापालट करतो, परंतु जोडाक्षर आले की चुकण्याचा संभव वाढतो, कारण ‘स्थिती’सारख्या शब्दात वेलांटीला संपूर्ण जोडाक्षर ओलांडून जावे लागते. म्हणून रफार, वेलांटी आणि जोडाक्षरे यांवर विशेष लक्ष ठेवून प्रत्येक लेख मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावा. शिलालेखांचे वाचन दिले असेल तेथे तर प्रत्येक अक्षर तपासावे. पुढचा अभ्यासक आपल्या पानावरूनच ते उतरवून घेणार आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन पद्धतींनी साठवला जाऊ शकतो: एकीत त्यासाठी स्वतंत्र वर्ण असतो, तर दुसरीत नेहमीच्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असते. ‘ॲ’चेही तसेच, काही जण स्वतंत्र वर्ण वापरतात, काही ‘अ’वर अर्धचंद्र देतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण अक्षरशः जुळणी करणाऱ्या साध्या शोधाला ते वेगळे शब्द वाटतात. लिब्रेऑफिसमधील ‘शोधा आणि बदला’ या सोयीने सर्व लेखांत एकच पद्धत ठेवावी. हे कंटाळवाणे काम आहे, परंतु एकदा नीट केले की पुन्हा करावे लागत नाही.

शोधनोंद यांचा प्रतिसाद

गावकऱ्यांना नोंद सापडत नाही, या मुद्द्यासाठी एकच साधन पुरेसे आहे, ते म्हणजे आपले संकेतस्थळ गूगलच्या शोधात कसे दिसते हे दाखवणारे गूगल सर्च कन्सोल. ते विनामूल्य आहे, आणि ब्लॉगर त्याच गूगल खात्यावर असल्यामुळे मालकी सिद्ध करण्याचा खटाटोपही फारसा नाही. ब्लॉगर साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरील पानांची शोधयंत्रासाठीची यादी, स्वतःच तयार करतो. तो तेथे एकदा नोंदवावा. त्यानंतर कोणती पाने गूगलने आपल्या सूचीत घेतली, कोणती घेतली नाहीत आणि का, हे पाहता येते. कामगिरीच्या अहवालात मागील १६ महिन्यांतील शोधशब्द दिसतात. तो अहवाल मन लावून वाचावा, कारण लोक ‘चारठाणा’ लिहितात, ‘चारठाणे’ लिहितात, की रोमन लिपीत शोधतात, याचे उत्तर तेथे मिळते. आपण कल्पनेने ठरवलेले शब्द पुष्कळदा वाचकांचे नसतात. गूगल ट्रेंड्सवरही दोन रूपांची तुलना करता येते, मात्र तेथील आकडा शोधांची संख्या नसून ० ते १०० या पट्टीवरचे सापेक्ष प्रमाण असते आणि लहान गावांच्या नावांसाठी तेथे बहुधा काहीच दिसत नाही.

आपल्या नोंदींची शीर्षके ‘एक दुर्लक्षित ठेवा’ अशा धर्तीची असतील तर ती बदलावीत, असा माझा आग्रह आहे. शीर्षकात गावाचे नाव आणि ‘बारव’ हा शब्द असावा, आणि पहिल्याच परिच्छेदात तालुका व जिल्हा यावा. वालूर म्हटल्यावर सेलू तालुका आणि परभणी जिल्हा हे आपल्याला पाठ असते. शोधयंत्राला आणि पुण्यामुंबईच्या वाचकाला ते सांगावे लागते. छायाचित्रांच्या पर्यायी मजकुरातही (चित्रासोबत नोंदवायच्या वर्णनातही) ‘फोटो १’ न लिहिता चित्रात काय आहे ते मराठीत लिहावे. दृष्टिहीन वाचकांची पडदा-वाचक प्रणाली तोच मजकूर वाचून दाखवते, त्यामुळे हा केवळ शोधाचा प्रश्न नाही.

दुसरी गोष्ट पानाच्या पत्त्याची. शीर्षक संपूर्ण देवनागरीत असले की ब्लॉगर त्याचा पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा क्रमांक असा करतो. प्रकाशित करण्यापूर्वी उजवीकडच्या पर्यायांत ‘पर्मालिंक’ उघडून गावाचे नाव रोमन लिपीत द्यावे. जुन्या नोंदींचे पत्ते मात्र सरसकट बदलू नयेत, कारण इतरांनी दिलेले दुवे तुटतात. एखादा बदलणे भागच असेल तर सेटिंग्जमध्ये जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पुनर्निर्देशन देण्याची सोय आहे, ती वापरावी.

लेखनाला गुण देणाऱ्या साधनांपासून दूर राहावे, हे कळकळीने सांगतो. वाचनसुलभतेचे जे सूत्र त्यांत बहुधा वापरतात, ते रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली इंग्रजी वाक्यांची लांबी आणि शब्दांतील उच्चारघटक (सिलेबल) मोजून मांडलेले आहे. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच जोडून लिहिणाऱ्या मराठीला ते लावण्यात काही अर्थ नाही. अशा साधनातला लाल दिवा हिरवा व्हावा म्हणून चांगली मराठी वाक्ये तोडणारे लेखक मी पाहिले आहेत आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद

सावकाश उघडणाऱ्या पानांसाठी प्रथम पानाचा वेग तपासणाऱ्या गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर आपल्या सर्वांत जड नोंदीचा पत्ता टाकावा आणि मोबाइलचा निकाल पाहावा. मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, अशी तेथील अपेक्षा आहे. लहान ब्लॉगला भेट देणारे थोडे असल्यामुळे प्रत्यक्ष वाचकांकडून जमलेली आकडेवारी तेथे बहुधा दिसणार नाही. फक्त मंद जोडणीवरील साध्या फोनचे अनुकरण करून घेतलेली चाचणी दिसेल. आपल्यासाठी तीही पुरेशी आहे.

उपायांपैकी दोन तर ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्येच आहेत: चित्रे वाचक तेथवर आल्यावरच उतरवणे आणि ती वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात पाठवणे. हे दोन्ही पर्याय चालू करावेत. याखेरीज चित्र चढवण्यापूर्वी स्क्वूश या साधनात त्याची रुंदी सुमारे १६०० पिक्सेलपर्यंत आणावी; हे साधन ब्राउझरमध्येच काम करते आणि छायाचित्र कोणाच्याही सर्व्हरवर जात नाही. मूळ मोठी फाइल अर्थातच स्वतःकडे जपून ठेवावी.

फाँटविषयी माझे मत थोडे कडक आहे. सजावटीचे तीन-तीन देवनागरी फाँट लावू नयेत. असंख्य जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल रोमन फाँटपेक्षा मोठी असते आणि प्रत्येक फाँट वाचकाच्या डेटातून जातो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त फाँट ‘मुक्ता’ किंवा मराठी वळणाची अक्षरे देणारा ‘टिरो देवनागरी मराठी’ यांपैकी एक पुरे. गूगल फाँट्सवर दोन्ही विनामूल्य आहेत.

ग्रंथालयसेवक यांचा प्रतिसाद

जतनाविषयीची आपली काळजी रास्त आहे आणि माझ्या मते ती सर्वांत आधी दूर करावी. २०१९ मध्ये गूगल प्लस हे गूगलचे समाजमाध्यम बंद झाले, तेव्हा त्याच्यामार्फत ब्लॉगरवर आलेल्या प्रतिक्रियाही गेल्या. गावोगावच्या जाणत्यांनी लिहिलेली माहिती त्यांत होती. गूगल खात्यातील आपली माहिती उतरवून देणाऱ्या गूगल टेकआउटमध्ये फक्त ब्लॉगर निवडून प्रत उतरवून घ्यावी. दर दोन महिन्यांनी वर्षभर आपोआप प्रत तयार करून ठेवण्याचा पर्यायही तेथे आहे, मात्र ती उतरवून वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवणे आपल्यालाच करावे लागेल.

दुसरी प्रत सार्वजनिक असावी. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून काम करते आणि तिचे वेबॅक मशीन हे जुन्या वेबपानांचे संग्रहालय २००१ पासून सर्वांना खुले आहे. तेथे ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये नोंदीचा पत्ता टाकला की त्या दिवशीचे पान जतन होते आणि त्याचा कायमचा दुवा मिळतो. नवी नोंद प्रकाशित झाली की लगेच हे करण्याची सवय लावावी. आपण इतर संकेतस्थळांचा आधार देता तेथेही तेच करावे, कारण जुनी पाने नाहीशी होत राहतात.

आपण स्वतः काढलेली उत्तम छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर मुक्त परवान्याखाली (कोणालाही वापरता येतील अशा अटींवर) द्यावीत, अशी विनंती करतो. तेथे ती मूळ आकारात राहतात आणि मराठी विकिपीडियावरील गावांच्या लेखांत वापरता येतात. दिलेला परवाना परत घेता येत नाही, हे लक्षात घेऊन निर्णय करावा. एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे: फोनमधील स्थानसेवा चालू असताना काढलेल्या छायाचित्रात अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. उघड्या माळावर सुट्या पडलेल्या मूर्तींचा आणि वीरगळांचा नेमका ठावठिकाणा चोरांच्या हाती पडू नये, म्हणून अशी चित्रे चढवण्यापूर्वी त्यांतील अक्षांश-रेखांश काढून टाकावेत. विंडोजमध्ये फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ या भागात ही सोय आहे. त्यासाठी वेगळे साधन लागत नाही.

बारववाटा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुट्या वीरगळांची जुनी छायाचित्रे आजपासूनच तपासायला घेतो. एक शंका राहते: हे सर्व करण्यापूर्वी ब्लॉग वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉग-प्रणालीवर हलवावा का? तेथे पत्ते देवनागरीत ठेवता येतात असे ऐकले आहे.

शोधनोंद

केवळ त्यासाठी हलवू नये. वर्डप्रेसमध्ये पत्त्यातील शीर्षकाच्या भागाला २०० वर्णांची मर्यादा आहे, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, सांकेतिक रूपात नऊ वर्णांचे होते. त्यामुळे साधारण बावीस चिन्हांनंतर पत्ता मध्येच तुटतो आणि व्हॉट्सॲपवर चिकटवल्यावर टक्केचिन्हांची लांब माळ दिसू शकते. तेथेही पत्ता रोमन लिपीतच द्यावा लागेल. शिवाय स्वतःचे वर्डप्रेस म्हटले की सर्व्हरवरील जागेचे वार्षिक भाडे, अद्ययावतीकरण आणि सुरक्षितता हे सारे आपल्याकडे येते. आपला वेळ नोंदींसाठी हवा आहे, म्हणून सध्या ब्लॉगरवरच राहावे. टेकआउटची प्रत हाताशी असली की पुढे केव्हाही हलता येईल.