वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलांनी ‘सोपे’ विज्ञान घ्यावे का?

कृष्णाकाठ

माझी मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तिला आपल्या विद्याशाखेबाहेरचा एक ओपन इलेक्टिव्ह घ्यावाच लागतो आणि दुसऱ्या सत्राच्या यादीत ‘खगोलशास्त्राची ओळख’ हा २ श्रेयांकांचा, म्हणजे ३० तासांचा विषय आहे. त्यात गणित नाही, परीक्षा बहुपर्यायी असते आणि ५० पैकी ४० गुण सहज पडतात, असे तिच्या मैत्रिणी सांगतात. तिला तो विषय याच कारणासाठी हवा आहे आणि मी अडखळलो आहे तोही याच कारणामुळे.

मी स्वतः दहावीनंतर वाणिज्य शाखेला गेलो आणि विज्ञान तिथेच सुटले. काही वर्षांपूर्वी आम्ही लोणारला गेलो होतो. हे सरोवर उल्का आदळून झाले, असे वाटाड्याने सांगितले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ते कशावरून ओळखले, हे विचारावे असे मला फार वाटत होते, पण प्रश्नाची सुरुवात कुठून करावी हेच कळेना. मुलीचे तसे होऊ नये असे वाटते. अशा सोप्या विषयाने ते साधेल का, की ३० तास फुकट जातील? जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे.

निवृत्त फळा

मी ३२ वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, आणि माझे उत्तर स्पष्टपणे ‘घेऊ नये’ असे आहे. विज्ञानातून गणित आणि मोजमाप काढून टाकले की मागे माहितीचा ढिगारा उरतो, आणि ती माहिती आज कोणालाही घरबसल्या मिळते. अशाच एका परिचय-अभ्यासक्रमाच्या तोंडी परीक्षेला मला बाहेरचा परीक्षक म्हणून बोलावले होते. एक मुलगा कृष्णविवरांविषयी न अडखळता बोलला. मग मी त्याला चंद्राच्या कला कशामुळे दिसतात हे विचारले, तेव्हा त्याने ठामपणे ‘पृथ्वीच्या सावलीमुळे’ असे सांगितले. लेखी परीक्षेत त्याला ५० पैकी ४६ गुण होते. अमावास्येनंतरची कोर सूर्य मावळल्यावर पश्चिमेलाच का दिसते आणि तिची उजळ बाजू मावळत्या सूर्याकडेच का असते, याचा त्याने एकदाही विचार केला नव्हता, कारण तसा विचार करायला त्याला कोणी लावलेच नव्हते. न कळलेली गोष्ट कळली आहे असे वाटणे हे अज्ञानापेक्षा वाईट, कारण अज्ञानी माणूस निदान विचारतो.

लोणारबद्दलही सांगतो. तिथल्या बसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाचे आघाताच्या प्रचंड दाबाने काचेत रूपांतर झालेले आढळते, आणि ज्वालामुखीत तसा दाब निर्माण होत नाही. हे वाक्य पाठ करून घ्यायला दोन मिनिटे पुरतात. पण तो दाब किती होता आणि तो कशावरून काढला, हे समजायला जे शिकावे लागते, ते या अभ्यासक्रमात कुठेच नसते.

जमाखर्च

मी सीए आहे, त्यामुळे मी हिशेबाने बोलतो. ३० तास म्हणजे फार वेळ नव्हे, पण पहिल्या वर्षाचा वेळ महाग असतो. मुलगी फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, देणार असेल तर तिच्यापुढे चार पेपर उभे आहेत. तेव्हा ज्या विषयात कमी श्रमात गुण पडतात तो तिने घ्यावा, वाचलेला वेळ लेखाकर्माला द्यावा आणि त्याची खंत बाळगू नये. माझ्या कार्यालयात येणाऱ्या नव्या मुलांना तारांगणाविषयी काय येते हे मी कधी विचारत नाही. बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या आणि आपल्या नोंदींचा मेळ घालणे, येते का, एवढे विचारतो.

शंकुछाया

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात हाच विषय शिकवते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सरांनी सांगितलेला मुलगा माझ्या वर्गातही बसला असेल. त्याचे दुखणे सरांनी अचूक ओळखले आहे, मात्र उपाय मला मान्य नाही.

पहिल्या वर्षी मी आकाशगंगांच्या रंगीत स्लाइड दाखवत ३० तास संपवले आणि मुलांना त्यातले काहीही आठवत नाही हे मला परीक्षेतच कळले. दुसऱ्या वर्षी २१ मार्चला मी सगळ्यांना गच्चीवर नेले. एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून उभी केली, जमिनीवर कागद चिकटवला आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायला सांगितली. घड्याळात बारा वाजले तेव्हा सावली सर्वांत लहान असायला हवी, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. ती त्यानंतरही आखूड होतच राहिली, आणि १२ वाजून ४० मिनिटे उलटल्यावर कुठे वाढायला लागली. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, घड्याळ चुकलंय.” घड्याळ चुकले नव्हते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडे अधिक आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे धरली तर साधारण ३५ मिनिटे होतात, आणि उरलेली सात मिनिटे पृथ्वीच्या आसाच्या कलामुळे आणि तिच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे पडतात.

मग सावलीच्या लांबीवरून वाद पेटला. सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्धा अंश रुंद दिसणारी तबकडी आहे, त्यामुळे एवढ्या काठीच्या सावलीची कड सुमारे एक सेंटिमीटरभर धूसर असते, आणि ती नेमकी कुठे धरायची यावर दोन गटांत हमरीतुमरी झाली. शेवटी ३४ सेंटिमीटर धरायचे ठरले. दहावीच्या भूमितीत त्रिकोणमिती सर्वांनाच असते, म्हणून फोनवर गणित केले आणि उत्तर १८.८ अंश आले. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या माथ्यावर असतो, म्हणून त्या दिवशी माध्यान्ही तो आपल्या माथ्यापासून जितके अंश कललेला असतो तितकाच आपला अक्षांश असतो. पुण्याचा अक्षांश साडेअठराच्या आसपास आहे. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर काठी आणि टेप एवढ्याच साधनांनी आम्ही सुमारे ३० किलोमीटरच्या चुकीने आपली जागा शोधली होती. त्या दिवशी वर्गात कोणीही परीक्षेत काय येणार, असे विचारले नाही.

जमाखर्च यांना एवढेच सांगते की, मोजलेल्या आकड्यात चूक किती असू शकते हा विचार या मुलांनी त्या गच्चीवर पहिल्यांदा केला. लेखापरीक्षण करणाऱ्याला तो परका नसावा.

तृतीय वर्ष

मी सध्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मॅडमचा अनुभव वाचून बरे वाटले, पण असे शिक्षक किती असतात? सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण-शिक्षणाविषयी आदेश दिला आणि पुढे पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला. हेतू किती चांगला होता! आमच्या महाविद्यालयात त्याचा ‘प्रकल्प’ म्हणजे वरच्या वर्गातल्या मुलांची फाइल आणून नाव बदलणे. माझ्या फाइलमधल्या नदीचे पाणी मी कधी बाटलीत भरले नाही. ती नदी आमच्या जिल्ह्यातली नव्हती, आणि हे तपासणाऱ्यांच्याही लक्षात आले नाही. मला याची आजही लाज वाटते. सक्ती आणि सोपेपणा एकत्र आले की असेच होते, म्हणून मी सरांच्या बाजूने आहे.

निवृत्त फळा

शंकुछाया, आपण जे केलेत ते विज्ञानच आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण त्यामुळे माझा आक्षेप बळकटच होतो. आपला तो दिवस सोपा नव्हता! सावली, रेखांश, त्रिकोणमिती, चुकीचा अंदाज हे सगळे त्यात होते, आणि छापील अभ्यासक्रमात मात्र त्यातले काहीही नसणार. एक प्रश्न आणखी विचारतो, राग मानू नये. गच्चीवर एकूण मुले किती होती, आणि त्यांपैकी टेप किती जणांनी हातात धरली?

शंकुछाया

सर, प्रश्न रास्त आहे. मुले ८४ होती आणि मी त्यांचे १२ गट केले होते. टेप प्रत्येकाच्या हातात गेली नाही, चार-पाच गटांनी शेजाऱ्यांचे आकडे उतरवून घेतले हेही मला माहीत आहे. छापील अभ्यासक्रमात ही काठी नाही, हेही खरे. पण अंतर्गत मूल्यमापन माझ्या हातात असते, आणि त्यात मी ती बसवली. हा विषयच नसता तर त्या मुलांना गच्चीवर न्यायला मला कोणी परवानगी दिली असती, असे मला वाटत नाही.

ओहायोकर

इथल्या विद्यापीठांत विज्ञान न शिकणाऱ्यांनाही एखादा विज्ञान-विषय घ्यावा लागतो, आणि भूशास्त्राच्या सोप्या वर्गाला मुले ‘खेळाडूंचे दगड’ अशा अर्थाच्या नावाने हिणवतात. माझ्या मुलाने तोच वर्ग घेतला. व्याख्यानांतले त्याला फारसे आठवत नाही, पण प्रयोगशाळेत कॅल्साइट या खनिजावर आम्लाचा थेंब टाकल्यावर उठलेले बुडबुडे त्याच्या लक्षात आहेत. घाटातला रस्ता खोदलेला दिसला की तो अजूनही गाडी हळू करायला सांगतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. विषय सोपा आहे की अवघड, यापेक्षा त्यात मुलीला स्वतः काही मोजावे लागते की नाही, हे मी आधी विचारायला हवे होते. आज मुलगी विभागात जाऊन आली. प्रात्यक्षिक नाही, पण कोणी पुढाकार घेतला तर एक दिवस आकाशदर्शन ठेवता येईल, असे तिथल्या शिक्षकांनी सांगितले. जमाखर्च यांचे म्हणणेही तिला पटते, कारण फाउंडेशन तिला द्यायचीच आहे. तरीही तिने अर्जावर हाच विषय लिहिला आहे आणि गुणांचे कारण मी तिला पुन्हा विचारलेले नाही.

शंकुछाया यांना एकच विनंती आहे. सातारा पुण्याच्या दक्षिणेला आहे, तेव्हा २१ मार्चला आमच्याकडे त्याच काठीची सावली ३३-३४ सेंटिमीटरहून किती कमी भरायला हवी, हे आम्ही दोघे आज रात्री काढणार आहोत. उत्तर इथे लिहीन. चुकले तर सरांनी सांगावे.